ट्रॉली म्हणजे नुसता लोखंडाचा डबा नव्हे



मागे मराठवाड्यातल्या एका गावी नातेवाइकांकडे गेलो होतो. संध्याकाळी समाजमंदिरात बायकांच्या बचत गटाची बैठक होती. गटाला समाजकल्याण खात्याच्या योजनेतून मिनी ट्रॅक्टर मंजूर झालेला. माझे आयुष्य वर्कशॉपात लोखंड कापण्यात आणि वेल्डिंग करण्यात गेले, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून मलाही बोलावणे आले.

तासभर चर्चा झाली. ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा घ्यायचा, चालवायला कोणाचा मुलगा ठेवायचा, उभा कोणाच्या अंगणात करायचा, सगळे बोलून झाले. शेवटी मी विचारले, "आणि ट्रॉली कोणती घेणार?"

गटाच्या सचिव ताई म्हणाल्या, "ट्रॉलीचं काय भाऊ, लोखंडाचा डबा. दुकानदार देईल ती घेऊ."

सगळ्या हसल्या. मागे भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी मावशी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "ट्रॅक्टर नांगरंल चार-आठ दिस. वरीसभर कमवून देनार त्यो डबाच हाय."

मावशी शाळेत गेलेली नाही, पण साऱ्या बैठकीत खरे बोलली ती एकटीच. नांगरणी-वखरणीचे दिवस थोडे. शेणखत, बियाणे, पाण्याचे ड्रम, सोयाबीनची पोती, कडबा, घराच्या विटा यांची ने-आण बारा महिने चालते. ट्रॉली चांगली तर ट्रॅक्टर कमावतो. ट्रॉली वाईट तर तो खर्चात घालतो, आणि कधी कधी जीवही घेतो. म्हणून आज ट्रॉलीविषयी सविस्तर लिहितो.

योजनेत ट्रॉलीही आहे

प्रथम योजना थोडक्यात सांगतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधने, म्हणजे कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर, यांसाठी राज्य शासन ९० टक्के अनुदान देते. योजना २०१२ पासूनची आहे. गटातले किमान ८० टक्के सभासद आणि अध्यक्ष व सचिव हे आपल्या घटकांतले असावे लागतात. २०१७ च्या शासन निर्णयात सगळ्याची मिळून मर्यादा साडेतीन लाख रुपये धरलेली होती. त्यातले तीन लाख पंधरा हजार अनुदानाचे आणि पस्तीस हजार गटाचे. अर्ज करताना चालू मर्यादा किती आहे, ते जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

यात मेख अशी, की ट्रॅक्टर, अवजार आणि ट्रॉली हे सगळे एकाच रकमेत बसवायचे असते. ट्रॅक्टरची किंमत ठरलेली, रोटाव्हेटरची ठरलेली. मग उरलेल्या पैशात बसेल ती ट्रॉली. कात्री लागते ती तिला. पत्रा पातळ होतो, टायर जुने येतात आणि दिवे तर नसतातच. बिलावर मात्र "ट्रॉली १ नग" एवढेच लिहिलेले असते. म्हणून ताई, कोटेशन घेताना ट्रॉलीची लांबी, रुंदी, पत्र्याची जाडी, टायरचा आकार, दिवे असे सगळे वेगळे लिहून मागा. कागदावर लिहिलेले असले तर मागता येते. तोंडी बोललेले गाडी दारात आली की विरते.

आधी माल मोजा, मग डबा

ट्रॉली जितकी मोठी तितकी चांगली, असे आपल्याला वाटते. तिथेच फसगत होते. डबा दिसतो लांबी-रुंदीने, पण ट्रॅक्टरला ओढावे लागते वजन.

सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि दीड फूट उंच असा डबा धरू. गुणाकार केला तर ३६ घनफूट होतात. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे हा डबा एक तृतीयांश ब्रासच्या थोडा वर. आता यात काय भरले ते पाहा. चांगले कुजलेले शेणखत घनफुटाला साधारण १५ ते २० किलो भरते. डबा सपाट भरला तरी वजन साडेपाचशे ते सातशे किलो. तोच डबा वाळूने भरला तर? वाळू घनफुटाला सुमारे ४५ किलो. छत्तीस घनफुटांचे झाले सोळाशे किलोंच्या वर! डबा तोच, भरलेला तितकाच दिसतो, आणि वजन दुपटीहून जास्त. ओल्या मातीचेही तसेच. कडबा उलटा. डोंगराएवढा दिसतो, पण हलका.

पंधरा अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर स्वतः आठशे किलोंच्या आसपास असतो. म्हणजे वाळूने भरलेली ट्रॉली त्याच्या दुपटीहून जड. तरी तो ओढतो, हे खरे. सपाट रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये ओढून दाखवतो आणि लोक कौतुक करतात. पण गाडी ओढणे वेगळे आणि थांबवणे वेगळे.

ओढतो ट्रॅक्टर, पण थांबवायचे कोणी?

मिनी ट्रॅक्टरचे ब्रेक असतात त्याच्या मागच्या दोन चाकांना. लहान ट्रॉलीला बहुधा ब्रेक नसतोच. उताराला लागले की मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलू लागते. ब्रेक दाबला तर ट्रॅक्टरची चाके थांबतात, पण ट्रॉली थांबत नाही. ती एका बाजूने पुढे येते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. पुलाखाली, नाल्यात, रस्त्याकडेच्या विहिरीत पडलेल्या कितीतरी ट्रॅक्टरांची गोष्ट हीच आहे.

म्हणून एक सोपा हिशेब पाठ करून ठेवा. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर ट्रॉली आणि माल मिळून वजन ट्रॅक्टरच्या दीडपटीच्या वर जाऊ देऊ नका. रस्ता चढउताराचा असेल तर ट्रॅक्टरच्या वजनाइतकेच ठेवा. ट्रॅक्टर आठशे किलोंचा आणि ट्रॉली रिकामी चारशेची असेल, तर सपाट रस्त्यावर माल आठशे किलो, घाटरस्त्याला चारशे. आठशे किलो म्हणजे किती? पन्नास किलोची सोळा पोती. दोनशे लिटर पाण्याचे चार ड्रम. तीन किलोची एक धरली तर अडीचशे-पावणेतीनशे विटा. आणि वाळू असेल तर त्या सहा बाय चारच्या डब्यात फक्त नऊ इंच.

बैठकीत मी हे सांगितले तेव्हा एक ताई म्हणाल्या, "एवढं कोण ध्यानात ठेवणार?" ध्यानात ठेवू नका. रंग घ्या आणि डब्याच्या आतल्या बाजूला तळापासून नऊ इंचांवर चारही बाजूंनी लाल रेघ मारा. वाळू, माती, मुरूम लाल रेघेपर्यंत. खत, भुसा, शेंगा वरपर्यंत. रेघ पोरासोरांना कळते, मजुरांना कळते. पैसे देणारा "भर अजून" म्हणाला तर ड्रायव्हरला बोट दाखवायला जागा राहते.

आणखी दोन गोष्टी ड्रायव्हरच्या कानावर घाला. ट्रॅक्टरला उजवा आणि डावा असे दोन ब्रेक असतात. शेतात वळताना ते वेगळे वापरतात. रस्त्यावर मात्र दोन्ही पायंड्या कडीने जोडलेल्या असाव्यात, नाहीतर एकच चाक अडते आणि गाडी फिरते. दुसरे, डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडतात. तसे कधी करू नये. चढताना जो गिअर लागेल त्याच गिअरमध्ये उतरावे.

आकार आणि उंची

दुकानात जाण्याआधी सुतळी घेऊन गावात फिरा. वस्तीतली सर्वात अरुंद गल्ली, शेतावर जाणारी पाणंद, बांधावरची वाट, अंगणाचे दार यांची रुंदी मोजा. ट्रॉलीची चाके ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या मागोमाग चालावीत. ती जास्त बाहेर आली तर ड्रायव्हरला अंदाज येत नाही. मग कोपऱ्यावरची भिंत जाते किंवा बांध जातो.

उंची तर आपण मोजतच नाही, आणि ती मोजायला हवी बायकांनीच. घमेली उचलणार तुम्ही. तळ जमिनीपासून अडीच फूट आणि वर दीड फुटाचा पत्रा, म्हणजे प्रत्येक घमेले चार फूट उचलायचे. दिवसाला शंभर-दीडशे घमेली! खांदा आणि कंबर कोणाची जाते? म्हणून तीन बाजूंचे फाळके खाली पडणारे मागा. बाजूचा फाळका सोडला की अडीच फुटांवर भरता येते. निम्मा डबा भरला की फाळका लावून मागून भरावे. बिजागऱ्यांचा खर्च थोडा वाढतो, पण तो करावा.

हायड्रॉलिकने उचलणारी ट्रॉली घ्यावी का? खत आणि माती ओतायला ती सोयीची खरी. पण आपल्या ट्रॅक्टरला बाहेर तेल देण्याची जोडणी आहे का, ते आधी विचारा. नसेल तर ती ट्रॉली साध्यासारखीच पडून राहते. असेल तर जमीन सपाट पाहूनच ट्रॉली उचलावी, मागचा फाळका आधी सोडावा आणि वर विजेची तार नाही ना ते पाहावे. उचललेल्या डब्याखाली ग्रीस भरायला वा पत्रा ठोकायला जाताना भक्कम टेकू लावल्याशिवाय मान घालू नये. तेलाचा पाइप फुटायला वेळ लागत नाही.

लहान गटाला आणि थोड्या शेताला माझ्या मते साधी, दोन चाकांची, तीन बाजूंनी उघडणारी ट्रॉली पुरे. वाचलेल्या पैशात चांगले टायर आणि दिवे घ्या.

दांडा आणि एक्सल

इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका शेतकऱ्याला ट्रॉली बनवून दिली. एक्सल डब्याच्या बरोबर मध्यावर लावला. दिसायला छान झाली. त्याने मागच्या अंगाला पोती रचली, घरी आला आणि ट्रॅक्टर सोडवायला हुकाची पिन ओढली. मागचे वजन खाली बसले आणि दांडा उसळून त्याच्या जबड्यावर आला. तीन दात गेले. जीव गेला नाही, हे नशीब. तेव्हापासून एक्सल कुठे बसवायचा, ते मी विसरलेलो नाही.

एक्सल डब्याच्या मध्यापासून थोडा मागे असावा. म्हणजे भरल्यावर एकूण वजनातले शेकडा दहा-पंधरा हुकावर येते. मागची चाके दाबली जातात, ती घसरत नाहीत. हुकावर काहीच भार नसला तर दांडा उसळतो आणि ट्रॉली मागे शेपटीसारखी हलते. भार फार झाला तर ट्रॅक्टरचे तोंड उचलते, पुढची चाके जमिनीला नीट टेकत नाहीत आणि स्टिअरिंग हलके लागते. स्टिअरिंग हलके लागले म्हणून ड्रायव्हर खूश होतो, पण ती धोक्याची खूण आहे. तेव्हा थांबून माल सारखा करावा.

परीक्षा सोपी आहे. सपाट जागी रिकाम्या ट्रॉलीचा दांडा दोघींनी उचलून पाहा. जड लागावा, पण उचलता यावा. हात सोडला की खाली बसावा. आपोआप वर जाऊ लागला तर ती ट्रॉली परत करा. माल रचतानाही जड वस्तू एक्सलच्या वर आणि किंचित पुढे, हलकी मागे. उतरवताना आधी मागचे उतरवा, पुढचे नंतर.

ट्रॉली जोडायची ती ट्रॅक्टरच्या खालच्या, ठरलेल्या हुकालाच. वरच्या दांडीला किंवा आणखी कुठे उंचावर साखळीने बांधून ओढू नये. उंचावरून ओढले की चढावर ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि मागे उलटतो. ड्रायव्हरला उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

हुकाची पिन म्हणून सळईचा तुकडा घालतात, ते बंद करा. जाड पिन आणि तिच्या खाली निसटू नये म्हणून चिमटा हवा. शिवाय दांड्यापासून ट्रॅक्टरला एक मजबूत साखळी जोडा. पिन तुटली तरी ट्रॉली साखळीवर राहील, रस्त्यावर मोकळी पळणार नाही.

सुतळीने तपासा

तयार ट्रॉली पाहायला जाल तेव्हा रंगावर जाऊ नका. रंगाखाली खूप काही लपते. मी ते लपवणाऱ्यांत बसलेला माणूस आहे, म्हणून सांगतो.

दांड्याच्या हुकाच्या भोकापासून एक्सलच्या डाव्या टोकापर्यंत सुतळी ताणा आणि गाठ मारा. तीच सुतळी उजव्या टोकापर्यंत न्या. दोन्ही अंतरे सारखी भरली पाहिजेत. फरक असेल तर ट्रॉली तिरकी चालते, टायर एका अंगाने घासतात आणि वर्षात बदलावे लागतात. दुकानदाराच्या देखत हे केलेत तर तोही जरा सावरून बोलू लागेल.

दांडा जिथे चॅनेलला जोडलेला आहे तिथे वाकून बघा. सगळा झटका तिथे बसतो. वेल्डिंग सलग हवे, नुसते टाके मारलेले नको. वर तिकोनी पट्टीचा आधार हवा. तळाचा पत्रा किती मिलिमीटरचा ते विचारा आणि कडेला मोजून घ्या. लहान ट्रॉलीला तळाला तीन मिलिमीटरचा असावा. बाजूंना थोडा कमी चालतो.

चाक जमिनीपासून उचलायला सांगा. वर-खाली धरून हलवा. खडखडले तर बेअरिंग ढिले. फिरवा, घरघर आवाज आला तर जुने. लहान ट्रॉल्यांना ६.००-१६ आकाराचे टायर खूप ठिकाणी वापरतात. ते नवे आहेत की जुन्यावर रबर चढवलेले, ते बाजूने तडे पाहून कळते. हवा किती भरायची ते टायरच्या अंगावर लिहिलेले असते, त्याप्रमाणे भरावी. दोन्ही टायर एकाच मापाचे हवेत. ऐकायला हे वेडेपणाचे वाटेल, पण दोन मापांचे टायर लावून दिलेल्या ट्रॉल्या मी पाहिल्या आहेत.

ट्रॉली नटवायची ती अशी

आपल्याकडे ट्रॉली नटवतात म्हणजे मागे नाव, फुले आणि झुपके. हौसेला माझी ना नाही. पण आधी पुढील गोष्टी कराव्यात.

दांड्याखाली उघडमीट करता येईल असा लोखंडी पाय बसवा, म्हणजे सोडलेली ट्रॉली तोंडावर पडणार नाही. दोन लाकडी ठोकळे साखळीने ट्रॉलीलाच बांधून ठेवा. उभी केली की चाकाखाली घालायचे. दगड शोधत बसायचे नाही, आणि रस्त्यात दगड सोडून दुसऱ्याचा जीव घ्यायचा नाही.

बाजूने फूट-फूटभर अंतरावर दोर बांधायला लोखंडी कड्या लावा. कडबा, कापूस, भुसा न्यायला वर बसणारी आणि काढता येणारी जाळी करून घ्या. कायमची वेल्ड केली तर घमेले पुन्हा उंच उचलावे लागेल. पाणी न्यायचे तर एकच मोठी टाकी अर्धी भरून नेऊ नका. वळणावर पाणी एका अंगाला धावते आणि ट्रॉलीला घेऊन जाते. झाकणाचे ड्रम घ्यावेत, काठोकाठ भरावेत आणि एकमेकांना आवळून बांधावेत.

तळाला कोपऱ्यांत पाणी निघून जायला भोके ठेवा. आतून रेड ऑक्साईडचे दोन हात द्या. रासायनिक खत आणि शेणखत नेल्यावर ट्रॉली धुवावी. ही दोन्ही पत्रा खातात.

आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे मागचे दिवे आणि चमकपट्ट्या. मागे लाल, बाजूंना पिवळी, समोर पांढरी. उसाच्या हंगामात अंधारात उभ्या असलेल्या बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून गेलेली तरुण पोरे तुमच्याही गावात असतील. चमकपट्टीला फार पैसे लागत नाहीत. धूळ बसली की ती फडक्याने पुसायची, हे काम घरातल्या मुलाला द्या.

नवी ट्रॉली आली की पहिल्या दोन-तीन खेपांनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा. ते ढिले होतात. दर हंगामाआधी बेअरिंगला ग्रीस भरा. लांबून आल्यावर चाकाच्या मध्याजवळ हात नेऊन पाहा. एक चाक दुसऱ्यापेक्षा तापलेले असेल तर बेअरिंग बोलते आहे असे समजा.

कागदही मालाइतकेच जड

ट्रॉली हेही वाहनच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरचा वेगळा उल्लेख आहे आणि त्याची नोंदणी आर.टी.ओ. कार्यालयात करावी लागते. गावच्या वर्कशॉपातली ट्रॉली स्वस्त पडते, पण बनवणाऱ्याकडे मान्यता नसेल तर नोंदणी अडते. माझ्या धंद्याच्या माणसांविरुद्ध लिहितो आहे, पण खरे ते खरे. घेण्याआधी विचारा, "नोंदणीची कागदपत्रे देता का?" नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉली आपोआप येते असे समजू नका. पॉलिसीवर ट्रॉलीचा वेगळा उल्लेख आणि तिचा नंबर आहे का, ते शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. शेतीसाठी म्हणून विमा काढला आणि भाड्याने विटा वाहताना अपघात झाला, तर भरपाईच्या वेळी वाद उभा राहतो. भाड्याची कामे करायची असतील तर विमा काढतानाच तसे स्पष्ट सांगावे.

आणि वाळू! रात्री दोन खेपा मारा, हजारो देतो, असे सांगणारे गावोगाव भेटतात. परवान्याची पावती नसलेली वाळू सापडली तर महसूल खाते ट्रॅक्टर-ट्रॉली जप्त करते आणि मोठा दंड लावते. वाळूवाला पळून जातो, नाव निघते बचत गटाचे. दहा बायकांनी पै पै जमवून आणलेली वस्तू तहसील कचेरीच्या आवारात गंजत उभी राहते. अशा खेपेला स्पष्ट नाही म्हणा.

ट्रॉलीत माणसे नकोत

आता शेवटचे आणि सर्वात जड.

बैठक उठता उठता सचिव ताईंनी विचारले, "भाऊ, आपलीच ट्रॉली आली म्हटल्यावर खुरपायला जाताना बायकांना त्यातच बसवून नेऊ. चालेल ना?"

मी म्हटले, "ताई, नाही चालणार."

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात शेतमजूर बायकांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. सात जणी बुडून मेल्या. हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या त्या बायका सकाळी घरातून कामाला म्हणून निघालेल्या होत्या. ट्रॉली मालासाठी बनवलेली असते. तिला धरायला दांडी नाही, बसायला बाक नाही, खाली स्प्रिंग नाहीत. ती उलटली की माणूस खाली सापडतो. ट्रॅक्टरवर ड्रायव्हरखेरीज कोणी बसणे आणि ट्रॉलीत माणसे नेणे नियमात बसत नाही, आणि विमाही अशा वेळी हात आखडतो. ट्रॉलीत बाक ठोकून, वर जाळी लावून ती माणसांची गाडी होत नाही.

हे ऐकून बैठक गप्प झाली. मग एक तरुण बाई चिडून म्हणाली, "मालक ट्रॉली पाठवतो. आम्ही नाही बसलो तर तो दुसऱ्या गावच्या बाया नेतो. मग आमच्या चुलीचं काय?"

तिचे बोलणे खोटे नव्हते. माझ्याकडे त्याला सरळ उत्तर नव्हते, आणि आजही पुरते नाही. मजुरी करणाऱ्या बाईला जीव आणि भाकरी यांत निवड करायला लावतात, हा दोष तिचा नाही. पण त्या रात्री त्या बायकांनी आपसात जे ठरवले ते मला पटले, म्हणून लिहितो. एक, गटाच्या ट्रॉलीत कोणीही बसणार नाही, अध्यक्षांची सूनसुद्धा नाही. दोन, मजुरीचा भाव ठरवतानाच जाण्या-येण्याच्या ॲपे रिक्षाचे भाडे मालकाकडे मागायचे, आणि ते एकटीने न मागता साऱ्या जणींनी एकदम मागायचे. तीन, जवळच्या शेतावर चालत जायचे. मालक ऐकेल का? एखादा ऐकेल, एखादा नाही ऐकणार. पण दहा जणी एकत्र येऊन ट्रॅक्टर आणू शकतात, तर दहा जणी एकत्र येऊन रिक्षाचे भाडेही मागू शकतात.

ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर काय लिहायचे यावरही चर्चा झाली. गटाचे नाव तर हवेच. त्याच्या खाली ठळक अक्षरांत लिहायचे ठरले : "माणसे बसू नयेत."

जाता जाता एक वही

ट्रॉलीच्या प्रत्येक खेपेची वही ठेवा. तारीख, काय नेले, कुठे नेले, डिझेल किती, भाडे किती. दर खेपेमागे थोडी रक्कम टायर आणि बेअरिंगसाठी बाजूला टाका, म्हणजे टायर फुटला त्या दिवशी गट फुटणार नाही. अनेक गट भांडले ते पैसा कमी पडला म्हणून नव्हे, हिशेब दिसला नाही म्हणून. वही समाजमंदिरात ठेवा, कोणीही उघडून पाहील अशी.

तुमच्या गावातल्या गटाकडे ट्रॉली आधीच आलेली असेल, तर हा लेख उशिरा आला असे समजू नका. या रविवारी सुतळी घ्या, दोघी-तिघी जा. हुकापासून एक्सलची दोन्ही टोके मोजा, दांडा उचलून पाहा, पिनेला चिमटा आहे का बघा आणि आतून नऊ इंचांवर लाल रेघ ओढा. अर्ध्या तासाचे काम आहे. ते झाले की मागच्या चमकपट्ट्यांवरची धूळ तेवढी पुसून या.